ट्यूबच्या मागची बारीक अक्षरे
वाचकांचे प्रश्न आणि त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे

फाल्गुन संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. हिवाळाभर भेगाळलेल्या टाचांविषयी आणि कोंड्याविषयी विचारणारे वाचक एकाएकी उन्हाकडे वळतात. मात्र पूर्वी ‘सनस्क्रीन कोणते लावू?’ असे विचारले जाई, त्याऐवजी अलीकडे ‘लावू की नको?’ असे विचारले जाते. या वेळी इतर पत्रे बाजूला ठेवून याच विषयावरची नऊ पत्रे घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या भाचीने परदेशातून एक संदेश पाठवला. सनस्क्रीनमधील रसायने एका दिवसात रक्तात उतरतात, संप्रेरके बिघडवतात आणि पुढे कर्करोग होतो, असे त्यात लिहिले आहे. घरातल्या ट्यूबवरची यादी भिंगातून वाचून उतरवली. तीत ॲव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन, होमोसॅलेट आणि बेन्झोफिनोन-३ ही नावे आहेत. ट्यूब निम्मी शिल्लक आहे, ती टाकून देऊ का? (निवृत्त शिक्षिका, पुणे)

उत्तर : आपण भिंग घेऊन यादी उतरवलीत, त्यामुळे मला अंदाजाने बोलावे लागत नाही. त्या संदेशात खरे आणि खोटे यांची सरमिसळ आहे, म्हणून आधी खरे तेवढे सांगतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये २४ जणांवर आणि २०२० मध्ये ४८ जणांवर केलेल्या चाचण्यांत असे आढळले की सनस्क्रीनमधील अनेक घटक त्वचेतून रक्तात जातात, आणि ते प्रमाण एक मिलिलिटर रक्तद्रवात अर्धा नॅनोग्रॅम या मर्यादेच्या वर असते. मात्र ही मर्यादा विषबाधेची नव्हे. तिच्या खाली असलेल्या घटकाला काही महागड्या सुरक्षा-चाचण्यांतून सूट मिळू शकते आणि वर असलेल्या घटकाने त्या चाचण्या द्याव्यात, एवढाच तिचा अर्थ. पहिल्या चाचणीत लोकांनी अंगाच्या तीनचतुर्थांश भागावर, दिवसातून चार वेळा, सलग चार दिवस भरपूर थर दिला होता. आपल्याकडे चेहरा, मान आणि हाताचे पंजे यांवर वाटाण्याएवढे क्रीम फिरवून लोक बाहेर पडतात. त्याच प्रशासनाने निष्कर्ष जाहीर करताना सनस्क्रीन वापरणे थांबवू नका असेही सांगितले होते, पण संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी ते वाक्य गाळले.

आता घातक कोणते, याकडे येऊ. २०१९ च्या प्रस्तावात त्या प्रशासनाने सनस्क्रीनच्या १६ घटकांची तीन गटांत विभागणी केली. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे दोन सुरक्षित व परिणामकारक मानले. ‘पाबा’ आणि ट्रोलामिन सॅलिसिलेट हे दोन नाकारले. उरलेल्या १२ घटकांविषयी आणखी माहिती मागवली. आपल्या यादीतील चारही नावे या १२ मध्ये येतात. माहिती अपुरी असणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, परंतु ‘सर्व काही ठीक आहे’ असा दाखलाही त्यातून मिळत नाही.

या बाराही घटकांविषयी मला सारखीच शंका आहे असे मात्र नाही. बेन्झोफिनोन-३ म्हणजेच ऑक्सिबेन्झोन. रक्तात सर्वांत जास्त उतरलेला घटक हाच, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेत संप्रेरकांवर परिणाम दिसला तोही याचा. युरोपीय संघाने २०२२ मध्ये त्याचे प्रमाण चेहरा, हात आणि ओठ यांच्या उत्पादनांत ६ टक्के, तर अंगभर लावायच्या उत्पादनांत २.२ टक्के असे बांधून दिले. या फरकातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे, कारण घटक तोच असूनही तो किती अंगावर पसरतो यावर मर्यादा ठरली. होमोसॅलेटला तेथे ७.३४ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि तीही केवळ चेहऱ्याच्या उत्पादनांत. ऑक्टोक्रिलीनविषयी माझी तक्रार निराळी आहे. ते जुने होत जाते तसे त्यापासून हळूहळू बेन्झोफिनोन (वरचे बेन्झोफिनोन-३ नव्हे) हा नको असलेला पदार्थ तयार होतो. म्हणून तारीख उलटलेली, किंवा मागच्या उन्हाळ्यापासून कपाटात पडलेली ट्यूब वापरू नये. ॲव्होबेन्झोनविषयी मला फारशी चिंता वाटत नाही. ते उन्हातच विघटित होते, म्हणून त्याला स्थिर ठेवणारा दुसरा घटक सोबत लागतो, इतकेच.

तेव्हा ट्यूबची मुदत बाकी असेल आणि आपण ती चेहऱ्यापुरती वापरत असाल, तर घाबरून टाकून देण्याचे कारण नाही, संपू द्यावी. नवी घेताना मात्र बेन्झोफिनोन-३ आणि इथाइलहेक्झिल मेथॉक्सीसिनामेट ही दोन नावे नसलेली घ्यावी. दुसरे नाव ऑक्टिनॉक्सेटचे आहे. नावे अशी दोन-दोन असतात आणि ग्राहक तेथेच चकतो. ४-मेथिलबेन्झिलिडिन कॅम्फर या घटकावर युरोपने २०२४ मध्ये बंदी आणली आहे. जुन्या साठ्यातील एखाद्या ट्यूबवर ते दिसले तर ती दुकानातच राहू द्यावी.

त्याऐवजी काय पाहावे? एक तर झिंक ऑक्साइड, किंवा मग बेमोट्रिझिनॉल, बिसोक्ट्रिझोल, इथाइलहेक्झिल ट्रायझोन यांसारखे नव्या पिढीचे घटक. या तिन्हींचे रेणू आकाराने मोठे आहेत. त्वचेच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठे रेणू सहसा पार होत नाहीत, आणि हे तिन्ही ६०० च्या पुढचे आहेत. लेबलावर बेमोट्रिझिनॉलचे नाव ‘बिस-इथाइलहेक्झिलऑक्सिफिनॉल मेथॉक्सीफिनाइल ट्रायझिन’ असे दीड ओळीचे असते. ते वाचून दचकू नये. उच्चारता न येणारे नाव म्हणजे विष, हा नियम रसायनशास्त्रात नाही. ‘केमिकल-फ्री’ असे ठळक छापणाऱ्या ट्यूबमध्येही झिंक ऑक्साइड हे केमिकलच असते. शिवाय ते किरणांना आरशासारखे परतवून लावते हीही एक लोकप्रिय समजूत आहे. प्रत्यक्षात तेही बहुतांश अतिनील किरण शोषूनच घेते.

प्रश्न : माझी द्राक्षबाग आहे. छाटणीपासून काढणीपर्यंत उन्हातच असतो. मुलगी म्हणते सनस्क्रीन लावा. घामाने ते टिकणार नाही आणि एवढी ट्यूब रोज परवडणारही नाही. शेतकऱ्याने करायचे काय? (बागाईतदार, नाशिक जिल्हा)

उत्तर : हिशेब करून पाहू. ट्यूबवर छापलेला एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळते ते सांगणारा अंक, हा त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर दोन मिलिग्रॅम इतका थर देऊन मोजलेला असतो. पूर्ण अंगाला त्या थराने लावायचे तर एका वेळी सुमारे ३० ग्रॅम लागते, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोन वेळाही पुरणार नाही. तेव्हा तुमची शंका रास्त आहे, आणि तुमच्या कामाला कापड हेच पहिले सनस्क्रीन आहे. ते घामाने उतरत नाही आणि त्यातले काही रक्तातही जात नाही.

मात्र सगळे कापड सारखे नसते. पांढरा, विरळ विणीचा, धुऊन धुऊन झिरझिरीत झालेला सुती सदरा घामाने भिजला की त्यातून किरण बरेच आत येतात. त्याच जाडीचे गडद रंगाचे, घट्ट विणीचे कापड कितीतरी जास्त अडवते. कापड उजेडासमोर धरावे. पलीकडचा प्रकाश स्पष्ट दिसला तर ते उन्हापासून रक्षणाच्या कामाचे नाही. पूर्ण बाह्यांचा गडद सदरा, आणि गांधी टोपीऐवजी चारही बाजूंनी काठ असलेली टोपी घालावी, किंवा डोक्यावरून मानेमागे सोडलेला पंचा घ्यावा. गांधी टोपीने डोके झाकते, पण कान, मान आणि नाक उघडेच राहतात, आणि बागेत काम करणाऱ्या पुरुषांच्या त्वचेवर सर्वाधिक बदल मला याच तीन जागी दिसतात. तेवढ्या जागांसाठी, ओठांसाठी आणि हाताच्या पंजांच्या मागच्या बाजूसाठी पाण्यात टिकणारे सनस्क्रीन ठेवावे, म्हणजे खर्चही आवाक्यात राहील.

आणखी एक सांगतो. औषध फवारणीच्या वेळी चेहऱ्यावर सनस्क्रीनचा ताजा ओला थर नसावा. आधी लावून पूर्ण वाळू द्यावे, आणि फवारणी झाल्यावर साबणाने धुऊन पुन्हा लावावे.

प्रश्न : आमच्या भागातील एका पार्लरमध्ये ‘गोरेपणा आणि उन्हापासून संरक्षण’ असे दोन्ही देणारे क्रीम छोट्या डबीत मिळते. डबीवर काही लिहिलेले नाही. दोन महिन्यांत रंग खरोखर उजळला, पण आता उन्हात गेले की चेहऱ्याची आग होते आणि बारीक पुरळ येते. यापेक्षा चांगले सनस्क्रीन सुचवावे. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, विदर्भ)

उत्तर : सनस्क्रीन नंतर सुचवतो. आधी ती डबी लावणे बंद करा, पण फेकू नका. ती घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आज आलेल्या नऊ पत्रांत मला खरी काळजी तुमच्या पत्राने लागली. ऑक्सिबेन्झोनवरून देशोदेशी वाद चालू आहेत, पण विनालेबलाच्या डबीत जे असू शकते त्याविषयी वाद घालावा असे काहीच नाही.

त्यात दोन गोष्टींपैकी एक, किंवा दोन्ही असण्याचा दाट संशय आहे. पहिली म्हणजे स्टिरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटॅसॉल, मोमेटासोन ही औषधे काही आजारांत अल्पकाळ उत्तम काम करतात, पण चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली की त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, बारीक पुरळ येते आणि ऊन सोसवेनासे होते. तुम्ही केलेले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. असे क्रीम बंद केल्यावर काही दिवस चेहरा आधीपेक्षा जास्त लाल होतो, आणि घाबरून मुली पुन्हा तीच डबी उघडतात. म्हणून हे एकट्याने न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे.

दुसरी गोष्ट म्हणजे पारा. तो त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून उजळपणा झपाट्याने येतो, परंतु तो अंगात मुरून मूत्रपिंडावर घाला घालतो. आपल्याच अकोल्यात एक तरुणी, तिची आई आणि बहीण अशा तिघींना स्थानिक पातळीवर घेतलेल्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे २०२३ मध्ये वृत्तपत्रांत आले होते, आणि मुंबईत झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला होता. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी एका विशिष्ट प्रकारच्या मूत्रपिंड-विकाराचे १५ रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतील १३ जण गोरेपणाची क्रीम वापरणारे निघाले. आपल्या देशात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी प्रसाधनात पारा वापरण्यास मनाई केली आहे. नकळत आलेला अंशही, डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता, दहा लाखांत एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही. पण नियम लेबल असलेल्या कारखान्याला धरतो. डबीला कारखानाच नसेल तर धरणार कोणाला? सकाळी पापण्या सुजतात का, पायांवर सूज येते का, लघवीला फेस येतो का, हे पाहा, आणि यांपैकी काही नसले तरी लघवीतील प्रथिनांची साधी तपासणी करून घ्या. तुमच्या मैत्रिणींपैकी आणखी कोणी ती डबी नेली असेल तर त्यांनाही हे सांगा.

सनस्क्रीनचे विचारलेत म्हणून एवढेच सांगतो की काही आठवडे झिंक ऑक्साइडचे, सुगंधविरहित क्रीम आणि त्यावर स्कार्फ पुरे. लेबलावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, ‘या तारखेपूर्वी वापरावे’ आणि घटकांची पूर्ण यादी हवी. आयात मालावर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचे नावही हवे. यांतले एक जरी नसले तरी दुकानदाराची भीड न राखता ते परत करावे.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचे आहे. लग्नासाठी मे महिन्यात सोलापूरला जावे लागणार आहे. बाळाला ‘बेबी सनस्क्रीन’ लावू का? (एक आई, ठाणे)

उत्तर : नको. सहा महिन्यांच्या आतील बाळाला सनस्क्रीन लावू नये, मग ट्यूबवर हसरे बाळ छापलेले असो वा नसो. या वयात वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र मोठे असते आणि त्वचाही पातळ असते, त्यामुळे लावलेले सारे तुलनेने जास्त आत जाते. सकाळी दहा ते दुपारी चार बाळाला सावलीत ठेवा. कुंची, पूर्ण बाह्यांचे सैल झबले आणि गाडीच्या काचेला पडदा एवढे असू द्या. काचेचे मुद्दाम सांगतो, कारण साधी काच अतिनील किरणांपैकी त्वचा भाजणारे ‘बी’ प्रकारचे किरण बव्हंशी अडवते, पण ‘ए’ प्रकारचे किरण पुष्कळसे आत सोडते. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हाच्या किरणांपेक्षा बाळाला उकाड्याचा त्रास जास्त होईल, तेव्हा कपडे सुती ठेवा आणि दूध वारंवार पाजत राहा.

प्रश्न : गालांवर वांग आहेत. एसपीएफ १०० चे सनस्क्रीन तीन महिने न चुकता लावूनही फरक नाही. मी दिवसभर घरातच असते, तरीही ते काळपट होत आहेत. सनस्क्रीन बनावट असेल का? (गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : बनावट असेलच असे नाही, पण वांगांसाठी तुम्ही चुकीचा आकडा पाहून ते निवडले आहे. एसपीएफ हा मुख्यतः त्वचा लालबुंद करणाऱ्या ‘बी’ किरणांविरुद्धचा अंक आहे, आणि तो जसा वाढतो तसा लाभ वाढत नाही. ३० चे क्रीम असे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, ५० चे ९८ टक्के आणि १०० चे ९९ टक्के. वांग गडद करतात ते ‘ए’ किरण आणि, आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत तर, डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशसुद्धा. खिडकीपाशी बसून भाजी निवडताना काचेतून ‘ए’ किरण आत येतात, आणि दिसणारा प्रकाश तर येतोच. त्याला तुमचे शंभराचे क्रीम बहुधा अडवत नाही.

म्हणून दोन गोष्टी पाहा. एक, ‘पीए’ या अक्षरांपुढील अधिक चिन्हे. ही जपानची पद्धत आहे. चार चिन्हे म्हणजे ‘ए’ किरणांविरुद्ध सर्वाधिक संरक्षण, आणि तीनपेक्षा कमी चिन्हे तुम्ही घेऊ नका. दोन, घटकांत आयर्न ऑक्साइड असलेले, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन घ्या. त्याचा तांबूस-पिवळा रंग हेच त्याचे औषध आहे, कारण दिसणारा प्रकाश तोच अडवतो. झिंकमुळे चेहरा राख फासल्यासारखा दिसतो, ही आपल्याकडील बायकांची नेहमीची आणि अगदी रास्त तक्रारही या छटेने मिटते. बोटावर घेऊन जबड्याच्या कडेला लावून पाहावे. रंग जुळला नाही तर तुम्ही आठवडाभरात कंटाळून ते लावणे सोडाल, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

आता प्रमाण. तर्जनी आणि मधले बोट, या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढावी. तेवढे क्रीम चेहरा व मान यांना एका वेळी लागते. ते सुमारे एक ग्रॅम भरते, म्हणजे दिवसातून दोनदा लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही टिकता कामा नये. तुमची ट्यूब तीन महिने पुरली असेल, तर शंभराचे छापलेले संरक्षण तुमच्या गालापर्यंत पोचलेच नाही. माझ्या दवाखान्यात मी रुग्णांना हीच गोष्ट विचारतो. ‘रोज लावता का?’ याला सगळे होकार देतात, ‘ट्यूब किती दिवस जाते?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र खरे येते.

आणखी एक शंका विचारून ठेवतो. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत आहात का, किंवा चेहऱ्याला लिंबू लावता का? गोळ्यांमुळे वांग वाढू शकतात. लिंबाच्या रसातील काही द्रव्ये उन्हात त्वचेला अक्षरशः भाजतात आणि मागे महिनोन् महिने न जाणारे काळे डाग ठेवतात.

प्रश्न : मित्रांसोबत तारकर्लीला स्नॉर्केलिंगसाठी जात आहोत. प्रवाळांना धोका नसलेले ‘रीफ-सेफ’ सनस्क्रीन घ्यावे का? (अभियंता, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : मालवणच्या समुद्राला १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे आणि तेथे प्रवाळ आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारला याचाच मला आनंद झाला. पालाऊ या बेटराष्ट्राने २०२० पासून, आणि अमेरिकेच्या हवाई राज्याने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. त्यामागे प्रयोगशाळेत प्रवाळांच्या अळ्यांवर दिसलेले दुष्परिणाम आहेत. समुद्रात हे घटक त्या प्रमाणात असतात का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही, आणि प्रवाळ पांढरे पडण्याचे मुख्य कारण तापलेला समुद्र हेच आहे. तरीही जे सहज टाळता येते ते टाळावे, या मताचा मी आहे.

‘रीफ-सेफ’ या शब्दाला मात्र भुलू नका. त्याची सर्वमान्य कायदेशीर व्याख्या नाही, कोणीही तो छापू शकतो. मागची यादी वाचा, आणि झिंक घ्यायचे तर ‘नॅनो नसलेले’, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे नसलेले, घ्या. सर्वांत सोपे म्हणजे पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा अंगरखा घालावा. पाण्यावर उपडे तरंगताना पाठ, मान आणि पोटऱ्याच भाजतात, आणि त्या कापडाने झाकल्या की लावायचे क्रीम पावपट उरते. ते पाण्यात उतरण्यापूर्वी २० मिनिटे लावून मुरू द्या, होडीत बसल्यावर नको. बाहेर आल्यावर पुसून पुन्हा लावा, कारण ‘पाण्यात टिकणारे’ याचा अर्थ ४० किंवा ८० मिनिटे एवढाच असतो.

प्रश्न : घरच्या घरी खोबरेल, हळद आणि ऑनलाइन मागवलेली झिंक ऑक्साइडची पूड यांचे सनस्क्रीन करता येईल का? (वाचक, सातारा)

उत्तर : करता येईल, त्यावर भरवसा ठेवता येणार नाही. नुसत्या खोबरेलाचा एसपीएफ प्रयोगशाळेत ७ च्या आसपास मोजला गेला आहे, आणि ‘ए’ किरणांना ते जवळजवळ रोखत नाही. पुडीचे म्हणाल, तर ती चमच्याने किंवा रवीने ढवळून तेलात एकसारखी पसरत नाही, तिच्या गुठळ्या होतात. चेहऱ्यावर ते पांढरे आणि एकसारखे दिसते, प्रत्यक्षात गुठळीखाली भरपूर आणि शेजारी काहीच नाही अशी स्थिती असते. शिवाय पूड चाळताना ती श्वासावाटे फुप्फुसात जाते. झिंक आणि टायटॅनियम त्वचेवर निर्धोक आहेत, हुंगण्यासाठी नव्हेत. म्हणूनच फवाऱ्याच्या रूपातील उत्पादनेही मी चेहऱ्यासाठी कोणाला सुचवत नाही. फवाऱ्यांच्या बाबतीत २०२१ मध्ये अमेरिकेत आणखी एक प्रकार उघडकीस आला. काही उत्पादनांत बेन्झीन हा कर्करोगकारक पदार्थ सापडला आणि ती बाजारातून परत बोलवावी लागली. बेन्झीन कोणत्याही यादीत छापलेले नव्हते, कारण तो घटक नव्हता, भेसळ होती.

प्रश्न : गुडघ्याला रोज वेदनाशामक जेल चोळतो. ते बंद केल्यावर आठवड्याने फिरायला गेलो, हाफ पँट होती म्हणून पायांना सनस्क्रीन लावले, तर गुडघ्यांवरच पाणी भरलेले फोड आले. बाकी पायाला काही नाही. सनस्क्रीन विषारी होते का? (वय ६८, मुंबई)

उत्तर : जेलच्या ट्यूबवर ‘किटोप्रोफेन’ असे नाव आहे का ते आधी पाहा. हे औषध त्वचेत टिकून राहते आणि उन्हाशी संयोग होऊन काहींना तीव्र ॲलर्जी देते. ते बंद केल्यावरही दोन आठवडे ती जागा उन्हापासून झाकून ठेवावी, अशी सूचना युरोपातील औषध नियामकांनी दिलेली आहे. ज्यांना ही ॲलर्जी होते, त्यांतील अनेकांना पुढे ऑक्टोक्रिलीनही सोसत नाही. म्हणजे तुमचे सनस्क्रीन विषारी नव्हते, पण तुमच्या गुडघ्यांपुरते ते तसे झाले असावे. यापुढे ऑक्टोक्रिलीन नसलेले घ्या, आणि फोड बरे झाल्यावर प्रकाश-पॅच चाचणी (संशयित पदार्थ त्वचेवर लावून, त्यावर प्रकाश टाकून ॲलर्जी तपासणे) करून घ्या. अशीच ॲलर्जी काहींना मेथिलआयसोथायझोलिनोन या परिरक्षकाची, म्हणजे प्रसाधन खराब होऊ नये म्हणून घातलेल्या द्रव्याची, असते. लावून ठेवायच्या प्रसाधनांत युरोपने ते २०१७ पासून बंद केले आहे.

प्रश्न : मी मेलबर्नला असते. आई डोंबिवलीहून येणार आहे आणि तिथली चार-पाच सनस्क्रीन आणू का विचारते. इथली जास्त खात्रीची असतात ना? (वाचक, ऑस्ट्रेलिया)

उत्तर : साधारणपणे हो. ऑस्ट्रेलियात सनस्क्रीन औषधासारखे नियंत्रित होते, आपल्याकडे ते सौंदर्यप्रसाधनात मोडते. पण आंधळा विश्वास तेथेही नको. २०२५ मध्ये ‘चॉइस’ या तिथल्या ग्राहक संस्थेने २० सनस्क्रीन तपासली, तेव्हा त्यांपैकी १६ छापलेल्या एसपीएफला उतरली नाहीत. ५० पेक्षा जास्त संरक्षण देतो असे म्हणणाऱ्या एका उत्पादनाचा अंक तर ४ निघाला, आणि पुढे ते बाजारातून काढून घ्यावे लागले. तेव्हा आईंना ओझे आणायला लावू नका. तिकडचेच, तपासणीत उतरलेल्या यादीतले घ्या. मात्र आईंच्या रंगाला जुळणारी छटा तेथे सहसा मिळत नाही, म्हणून छटा असलेली एक ट्यूब त्यांना डोंबिवलीहूनच आणू द्या. आणि ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मी एकदा ठेवली होती, संध्याकाळी झाकण उघडले तर आधी तेल आले, मग पाणी, आणि पांढरा गोळा तळाशीच राहिला.